तार तुटली तरी काम चालू



संगणकावरील भाषणासाठीं एखाद्या इंजिनियरास बोलावण्याचें सोडून एका निवृत्त प्राथमिक शिक्षकास येथें कां बसविलें, असा प्रश्न आपल्या मनांत आला असेल तर त्यांत आपला कांहींच दोष नाहीं. माझें शिक्षण जुन्या अकरावीच्या मॅट्रिकपर्यंतचें. अडतीस वर्षें मुलांना पाढे आणि जोडाक्षरें शिकविण्यांत गेलीं. सेवेंत असतांना नियमाप्रमाणें एम.एस.-सी.आय.टी.ची परीक्षा द्यावी लागली, तेवढ्यासाठीं अंबरनाथला एका वर्गास जात असें. निवृत्तीनंतर उल्हासनगरच्या कॅम्पांतील बाजारांतून एक वापरलेला संगणक घेतला. एवढीच माझी या विषयांतील पुंजी. परंतु ज्याला एखादी गोष्ट कष्टानें आणि नुकसान सोसून समजली, तो ती दुसऱ्यास जरा सोप्या शब्दांत सांगूं शकतो, असा माझा शिक्षकी अनुभव आहे. त्या जोरावर मीं हें धाडस केलें आहे.

विषय असा, कीं दूरच्या संगणकावर आपण एखादें लांबलचक काम चालू केलें आणि मध्येंच आपल्या घरची जोडणी तुटली, तर त्या कामाचें काय होतें, आणि तें बुडूं नये म्हणून काय करावें. यावर ‘टर्मिनल मल्टिप्लेक्सर’ अशा भारदस्त नांवाचा एक लहानसा प्रोग्राम आहे. त्याची आणि माझी गांठ कशी पडली तें आधीं सांगतों.

माझें घर बदलापुरास, उल्हास नदीपासून फारसें दूर नाहीं. २६ जुलै २००५ च्या पुरांत नदीचें पाणी घरांत शिरलें आणि पुस्तकांच्या कपाटाचे खालचे दोन कप्पे घेऊन गेलें. वडिलांनीं आयुष्यभर जमविलेलीं जुनीं मराठी मासिकें त्यांत होतीं. वरच्या कप्प्यांतील बांधीव अंक वांचले. पण एकदां ओल धरलेला कागद फार काळ टिकत नाहीं. पानें तांबूस झालीं, कडांचा भुगा होऊं लागला. पान उलटतांना बोटांस जी पूड लागे तिच्याकडे पाहून मला वाटे, कीं पुरानें खालचे कप्पे एका रात्रींत नेले आणि वरचे तो अजून सावकाश नेतच आहे.

म्हणून मीं एकेक पान उलगडून मोबाइलनें त्याचें छायाचित्र काढण्यास आरंभ केला. दोन हिवाळ्यांत अठराशें पानें झालीं. परंतु पानाचें छायाचित्र म्हणजे अक्षर नव्हे. त्यांत एखादा शब्द शोधतां येत नाहीं, मजकूर उतरून घेतां येत नाहीं. छायाचित्रांतील अक्षरें ओळखून त्यांचा टाइप केल्यासारखा मजकूर करून देणारा ‘टेसरॅक्ट’ नांवाचा प्रोग्राम आहे. तो ह्यूलेट-पॅकार्ड कंपनींत १९८५ च्या सुमारास जन्मला आणि २००५ सालीं सर्वांस विनामूल्य खुला झाला. ज्या वर्षानें माझीं मासिकें नेलीं त्याच वर्षानें तीं वांचविण्याचें साधनही बाहेर आणून ठेवलें, हें मला फार उशिरां कळलें. आज तो मराठीही वाचतो.

माझा उल्हासनगरी संगणक या कामास पुरा पडेना. तासाभरांत तापून गुरगुरूं लागे. तेव्हां सूनबाईनें एक दूरचा संगणक, ज्याला सर्व्हर म्हणतात, महिन्याच्या भाड्यानें घेऊन दिला. तो कोठें आहे तें मला माहीत नाहीं आणि माहीत असण्याची गरजही नाहीं. घरच्या संगणकावर एक काळी चौकट उघडावयाची, तिच्यांतून त्या सर्व्हरशीं जोडणी करावयाची आणि लेखी आज्ञा द्यावयाच्या. तेथें चित्रें नाहींत, बटणें नाहींत. आपण एक ओळ लिहावी आणि यंत्रानें ओळींतच उत्तर द्यावें. या चौकटीस टर्मिनल म्हणतात. मला ती पहिल्या दिवसापासून आवडली, कारण ती पाटीसारखी आहे.

एका पानास सुमारें अर्धें मिनिट लागे. म्हणजे अठराशें पानांस पंधरा तास. एका जुलैच्या रात्रीं नऊ वाजतां मीं काम चालू केलें. चौकटींत पानांचे आंकडे एकामागून एक उमटूं लागले. तें पाहत मी बराच वेळ बसलों आणि मग झोंपलों. पहाटे तीनच्या सुमारास पाऊस वाढला आणि वीज गेली. घरचा पंखा थांबला तशी इंटरनेटची पेटीही विझली. मला त्याची चिंता वाटली नाहीं. काम तर दूरच्या यंत्रावर चाललें आहे, तेथें वीज आहे, मग माझ्या घरच्या अंधाराशीं त्याचा काय संबंध, असा माझा हिशेब होता.

सकाळीं वीज आल्यावर पाहतों तों काम बंद पडलेलें. तोंवर सातशेंच्यावर पानें वाचून झालीं असावींत. पण हातीं एकही लागलें नाहीं. कारण सर्व मजकूर स्मरणांत सांठवून शेवटीं एकदम लिहून काढावा, अशी आज्ञा मींच अज्ञानानें दिली होती. आयुष्यभर मीं मुलांना सांगत आलों, कीं एकेक उदाहरण सुटतांच वहींत उतरा, शेवटास ठेवूं नका. तोच धडा म्हातारपणीं मला यंत्रानें दिला.

सूनबाई घरूनच आपल्या कंपनीचें काम करते. तिला मीं हें सांगितलें तेव्हां ती हंसली नाहीं. ती म्हणाली, “बाबा, काम तिकडेच चाललें होतें हें तुमचें म्हणणें खरें आहे. पण तें तुमच्या टर्मिनलचा हात धरून उभें होतें. हात सुटला आणि तें पडलें.”

यंत्रानें असें कां वागावें, याचें कारण इतिहासांत आहे. युनिक्स ही संगणकाची कार्यप्रणाली १९६९ सालीं अमेरिकेंत बेल प्रयोगशाळेंत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनीं आरंभिली. आजचे बहुतेक सर्व्हर तिच्याच वंशांतील अथवा तिच्या वळणावर चालणारे आहेत. त्या काळीं संगणकाशीं बोलावयाचें साधन म्हणजे टेलिटाइप, तारेच्या टोंकास बसविलेलें टाइपरायटरासारखें यंत्र. आपल्या देशांतील तारेची सेवा २०१३ सालच्या जुलै महिन्यांत बंद झाली. परंतु युनिक्सच्या पोटांत प्रत्येक टर्मिनलास अद्यापि ‘टीटीवाय’ म्हणतात, तें या टेलिटाइपचेंच संक्षिप्त नांव. पुढें लोक दूरध्वनीच्या तारेवरूनही संगणकाशीं जोडले जाऊं लागले. बोलणाऱ्यानें फोन खालीं ठेवला कीं त्याचीं चालू कामें आवरून घ्यावींत, नाहीं तर तीं यंत्रावर बेवारशी पडून राहतील, अशी त्या काळची शिस्त. त्यासाठीं यंत्र प्रत्येक कामास एक खूण पाठवी. तिचें नांव ‘हँगअप’, म्हणजे फोन ठेवला. वेगळी सूचना दिलेली नसल्यास ही खूण मिळतांच काम संपतें. माझ्या घरची वीज गेल्यावर त्या सर्व्हरनें कांहीं वेळ माझ्या उत्तराची वाट पाहिली, मग यजमान फोन ठेवून गेले असें समजून सर्व आवरून टाकलें. त्यानें बेइमानी केली नाहीं. तो जुन्या नियमास जागला.

याचा उलगडा मला माझ्या नोकरींतील एका आठवणीनें झाला. बारवी धरणाच्या रस्त्याकडील एका पाड्यावर मीं पांच वर्षें एकशिक्षकी शाळा चालविली. खोली एक, फळा एक, शिक्षक एक आणि वर्ग चार. फळ्यावर खडूनें उभी-आडवी रेघ मारून मी त्याचे चार भाग करीत असें. एका भागांत पहिलीचीं अक्षरें, दुसऱ्यांत दुसरीचे पाढे, तिसऱ्यांत तिसरीची बेरीज, चौथ्यांत चौथीचें व्याकरण. मी चौथीकडे वळलों तरी पहिलीचें गिरवणें थांबत नसे. ही झाली चार वर्गांची व्यवस्था. पण मला तालुक्याच्या सभेस जावें लागलें म्हणजे काय? आरंभीं आरंभीं गुरुजींचा पाय उंबऱ्याबाहेर पडला कीं मुलांच्या मतें शाळा सुटली. दप्तरें उचलून सर्व पसार. पुढें मीं चौथींतील एक शहाणी मुलगी वर्गनायक नेमली. मग मी गेलों तरी शाळा तिच्या ताब्यांत चाले. मी परत येतांच ती सांगे, “गुरुजी, दुसरीचे पाढे झाले, तिसरीचीं दोन उदाहरणें राहिलीं.” मी खुर्चीवर बसें आणि शाळा पुनः माझ्या ताब्यांत येई.

टर्मिनल मल्टिप्लेक्सर म्हणजे फळ्यावरच्या त्या रेघा आणि ती वर्गनायक, दोन्ही एकत्र. मल्टिप्लेक्स हा शब्द तारायंत्राच्या विद्येंतला. फ्रान्समध्यें एमील बोदो यानें १८७४ सालीं एकाच तारेवरून एका वेळीं अनेक संदेश पाठविण्याच्या युक्तीचें पेटंट घेतलें. तसें येथें एकाच चौकटींतून अनेक कामें चालतात. या जातीचा जुना आणि प्रसिद्ध प्रोग्राम ‘स्क्रीन’. तो १९८७ सालीं बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठांत ओलिव्हर लाउमान आणि कार्स्टन बोरमान यांनीं लिहिला. दुसरा ‘टीमक्स’, तो निकोलस मॅरिअट यांनीं २००७ सालीं प्रथम प्रसिद्ध केला. मी वापरतों तो हाच.

टीमक्सचे दोन भाग असतात. एक भाग दूरच्या यंत्रावर कायम बसून राहतो आणि सर्व कामांचें पालकत्व घेतो. दुसरा भाग म्हणजे आपल्या चौकटींतून त्याच्याकडे पाहणारी केवळ एक खिडकी. जोडणी तुटली म्हणजे ‘फोन ठेवला’ ही खूण त्या खिडकीस मिळते आणि ती बंद होते. पण कामांचा हात खिडकीनें धरलेलाच नसतो. तो पहिल्या भागाच्या हातांत असतो. त्यामुळें कामांना आपण गेल्याचें कळतही नाहीं. सगळी युक्ती एवढीच आहे.

आतां हें प्रत्यक्ष कसें करावें तें थोडक्यांत सांगतों. ज्यांना उपयोग असेल त्यांनीं टिपून घ्यावें. अक्षरें अर्थातच रोमन लिपींत टाइप करावयाचीं. दूरच्या यंत्राशीं जोडणी झाल्यावर प्रथम ‘टीमक्स’, मग ‘न्यू’, मग ऋण चिन्हास जोडून ‘एस’ आणि त्यापुढें बैठकीचें नांव लिहावें. चालू कामांच्या अशा एका संचास सेशन म्हणतात. मी त्याला बैठक म्हणतों. माझ्या बैठकीचें नांव ‘मासिक’. नांव देण्याचा आळस करूं नये, नाहीं तर यंत्र नुसते आंकडे देतें आणि चार दिवसांनीं कोणता आंकडा कशाचा तें आपणांसच आठवत नाहीं. मग आपलें काम नेहमीप्रमाणें चालू करावें. उठून जावयाचें झाल्यास कंट्रोल आणि ‘बी’ हीं दोन बटणें एकदम दाबून सोडावींत आणि नंतर ‘डी’ दाबावें. खिडकी मिटते, काम चालू राहतें. परत आल्यावर ‘टीमक्स अटॅच’ एवढें लिहावें, कीं बैठक होती तशी समोर येते. एकाहून अधिक बैठका असतील तर ‘टीमक्स एलएस’ लिहिल्यानें त्यांची यादी मिळते.

हें कंट्रोल-बी म्हणजे टीमक्सला मारलेली हांक. हांक मारल्याखेरीज सांगितलेलें सर्व कामाकडे जातें. हांक मारून सांगितलेलें टीमक्स स्वतः ऐकतो. हांकेनंतर ‘सी’ दाबल्यास नवी खिडकी उघडते, ‘एन’ दाबल्यास पुढच्या खिडकींत जातां येतें. टक्क्याचें चिन्ह दिल्यास चौकटीचे डावा आणि उजवा असे दोन भाग पडतात. दुहेरी अवतरणचिन्ह दिल्यास वर आणि खालीं असे दोन भाग पडतात. हांकेनंतर बाणाचें बटण दाबून एका भागांतून दुसऱ्या भागांत जावें. मागें गेलेला मजकूर पाहावयाचा असेल तर हांकेनंतर डावा चौकोनी कंस द्यावा आणि पाहून झाल्यावर ‘क्यू’ दाबावें. हें विसरलें तरी चिंता नाहीं. हांकेनंतर प्रश्नचिन्ह दिलें कीं सर्व बटणांची यादीच पुढें येते. मी पहिले आठ दिवस हीं बटणें एका पुठ्ठ्यावर लिहून समोर टांगलीं होतीं.

येथें एक प्रश्न योग्य आहे. केवळ काम बुडूं नये एवढाच हेतु असेल तर युनिक्सवर ‘नोहप’ नांवाची जुनी आज्ञा आहे. ती कामापुढें लिहिली कीं फोन ठेवल्याची खूण तें काम कानामागें टाकतें. मग टीमक्स कशास? उत्तर असें, कीं नोहपनें काम जगतें, पण आपल्याला त्याच्याजवळ परत जाऊन बसतां येत नाहीं. त्यानें फाइलींत लिहून ठेवलेलें वाचावें एवढेंच. त्यानें मध्येंच कांहीं विचारलें तर उत्तर देण्याची सोय नाहीं. टीमक्समध्यें खुर्ची आपली आपल्यासाठीं राखलेली असते.

दुसऱ्या खेपेस मीं दोन सुधारणा केल्या. प्रत्येक पानाचा मजकूर वाचतांच निराळ्या फाइलींत लिहावा अशी आज्ञा दिली आणि सर्व काम टीमक्सच्या बैठकींत चालू केलें. तीच वेळ, रात्रीं नऊची. हांक मारली, ‘डी’ दाबला आणि मुद्दाम संगणकच बंद करून टाकला. त्या रात्रींही पाऊस होता आणि वीज गेली होती. खरें सांगावयाचें तर मला झोंप लागली नाहीं. सकाळीं साडेसहा वाजतां जोडणी केली, ‘टीमक्स अटॅच’ लिहिलें, आणि चौकटींत आंकडा दिसला एक हजार एकशें चाळीस. मी पाहत असतांनाच त्याचा एकशें एक्केचाळीस झाला. अडतीस वर्षांच्या नोकरींत इन्स्पेक्टरसाहेबांच्या शेऱ्यानेंही मला इतका आनंद झाला नसेल. दुपारीं बाराच्या सुमारास सर्व पानें पुरीं झालीं.

याहून एक मोठा लाभ मागाहून कळला. एकाच बैठकीशीं दोन ठिकाणांहून दोन माणसें एका वेळीं जोडलीं जाऊं शकतात. सूनबाई पुण्यास माहेरीं गेली असतां माझी एक आज्ञा कांहीं केल्या जमेना. मीं फोन केला. ती म्हणाली, “बाबा, थांबा, मी तुमच्याच बैठकींत येतें.” तिच्याजवळ त्या सर्व्हरची किल्ली होतीच. पुढच्या क्षणीं माझ्या चौकटींत, मी कळफलकास हात न लावतां, अक्षरें उमटूं लागलीं. तिनें अर्धी ओळ लिहिली आणि ती थांबली. पुढची अर्धी मीं लिहावयाची होती. मीं चुकलों, तिनें खोडलें, मीं पुनः लिहिलें. पाड्यावरच्या मुलांचा हात हातांत धरून मीं पाटीवर श्री गिरवून घेतला होता. आतां पाटी माझी आणि हात दुसऱ्याचा. त्यांत मला कमीपणा वाटला नाहीं, एवढेंच सांगतों.

आतां कांहीं इशारे. टीमक्स अमर नाहीं. आपल्या घरची वीज गेल्यास तो तरतो, पण दूरचें यंत्रच बंद पडलें अथवा कोणीं तें बंद करून पुनः चालू केलें, तर सर्व बैठका मोडतात. म्हणून महत्त्वाचा मजकूर वरचेवर फाइलींत उतरविणें याला पर्याय नाहीं. दुसरें, संपलेली बैठक ‘एक्झिट’ लिहून मिटवावी. विसरलेल्या बैठका यंत्राची जागा अडवितात; जुन्या काळीं ‘फोन ठेवला’ ही खूण ज्या भीतीपोटीं निघाली ती भीति खोटी नव्हती. तिसरें, परक्या संगणकावरून आपल्या बैठकींत शिरलां असाल तर उठतांना खिडकी आणि जोडणी दोन्ही बंद करा. उघड्या दाराचें घर सोडून कोणी बाजारास जात नाहीं.

ही केवळ माझ्यासारख्या हौशी माणसाची सोय आहे, असें मात्र समजूं नये. पुण्याच्या सी-डॅक या संस्थेनें १९९१ सालीं ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा केला, आणि आज देशांत अनेक ठिकाणीं परम मालिकेंतील यंत्रें आहेत. अशा यंत्राच्या शेजारीं जाऊन कोणी शास्त्रज्ञ बसत नाहीं. तो आपल्या मेजावरून जोडणी करून लेखी आज्ञाच देतो. तेथें मोठीं गणितें निराळ्या रांगेंत लावलीं जातात हें खरें. पण त्यांची तयारी करणें आणि त्यांवर लक्ष ठेवणें हें टर्मिनलांतूनच चालतें. बदलापूर-अंबरनाथकडील जीं तरुण मुलें-मुली घरबसल्या दूरच्या सर्व्हरांची देखभाल करतात, त्यांच्या रोजच्या कामांत अर्ध्यावर तुटलेली जोडणी म्हणजे कधीं कधीं अर्ध्यावर बदललेली आणि म्हणून मोडलेली व्यवस्था. त्यांना तरी ही संवय अवश्य असावी.

माझ्या अठराशें पानांचें काय झालें तें सांगून संपवितों. टेसरॅक्टनें पुष्कळ चुका केल्या. जुन्या छपाईंतील कांहीं अनुस्वार गाळले, आणि पुराच्या पाण्याचे कांहीं डाग अनुस्वार म्हणून वाचले. त्या चुका मी रोज दहा-दहा पानें घेऊन सुधारीत आहें. पण मजकुरांत शब्द शोधतां येऊं लागला, तेव्हां पहिल्याच दिवशीं मीं आमचें आडनांव शोधून पाहिलें. वाचकांच्या पत्रव्यवहारांत वडिलांच्या सहीचें आठ ओळींचें पत्र निघालें. आपल्या अंकांत एक पान दोनदां आलें असून एक पान मुळींच नाहीं, तरी तें पाठविण्याची कृपा व्हावी, अशी संपादकांस विनंती. वडिलांनीं या पत्राविषयीं घरांत कधीं अवाक्षर काढलें नव्हतें. मीं कपाटांतून तो बांधीव खंड काढला. त्यांत एक पान मागाहून डिंकानें चिकटविलेलें आहे. लहानपणापासून मी तें पाहत आलों होतों. तें तसें कां, हें मला कधीं कळलें नव्हतें.

तें पान आतां सुरक्षित आहे. आणि पुढच्या पावसाळ्यापूर्वीं उरलेल्या दोन खंडांचीं छायाचित्रें घ्यावयाचीं आहेत.